मंगळवारची बैठक आणि माझा डावा पाय

तुम्ही कधी दार लावून साखर खाल्ली आहे का? लहानपणचं विचारत नाही. मोठं झाल्यावर, कमावतं झाल्यावर, घरात कोणी नसताना, डब्यात चमचा घालून, उभ्या उभ्या, डब्याचा तळ दिसेपर्यंत?

खाल्ली नसेल तर हे सगळं तुम्हाला वाढवून सांगितल्यासारखं वाटेल. तरी वाचा. खाल्ली असेल तर आजवर तुम्ही ते कोणाला सांगितलेलं नसणार. मीही सांगितलं नव्हतं. दारूवर पत्रकं निघतात, मटक्यावर निघतात, हुंड्यावर तर मी स्वतः लिहिली आहेत. साखरेवर निघालेलं पत्रक मी पाहिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

लादीवरचं रक्त

आम्ही अंबरनाथला राहायचो, आई आणि मी. वडील कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी ते युनियनची आणि वस्तीची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर बोट ठेवून. ते गेल्यानंतर, ज्या छापखान्यात ती पत्रकं छापली जात, तिथेच, उल्हासनगरच्या कॅम्पात, मला प्रुफं तपासायचं काम मिळालं. आई पॅकिंग खात्यात कामाला जायची. मी तिच्या आधी घरी पोचायचे. घर रिकामं असायचं. डबा फळीवर असायचा.

बाकी कुठल्याही बाबतीत मी कोणाला बधत नव्हते. सभेत उठून प्रश्न विचारायचे. पुढाऱ्यांना खोटं पाडायचे. घरी येऊन डबा काढायचे.

मावशीने बदलापूरला, कात्रपमध्ये, नवीन ब्लॉक घेतला. आमच्या नात्यातलं पहिलं पक्कं घर. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मी तीनदा घेतली. वाट्या परत ठेवायला आत गेले तेवढ्यात मावशी ओरडली.

"अगं, लादीवर रक्त कुणाचं? नवीन लादी आहे गं माझी."

सगळ्यांनी आपापले पाय पाहिले. पांढऱ्या लादीवर लाल ठसे होते, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. एकाच पायाचे. मावशीच्या नवऱ्याने मला खाली बसवलं आणि माझ्या डाव्या पायातून खिळा काढला. चपलेचा खिळा होता. सकाळपासून मी त्याच्यावर चालत होते. मला कळलं नव्हतं. तो काढतानाही कळलं नाही.

"दुखत नाही?" मावशीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला वाटलं, हे चांगलंच आहे.

निळं औषध

दुसऱ्या दिवशी छापखान्याजवळच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर सिंधी डॉक्टर. पाय हातात घेऊन त्यांनी पेनचं टोक बोटांवर फिरवलं.

"आंख बंद कर. कुठे लावतोय, सांग."

"लावा ना."

"लावूनच बसलोय, बेटी."

मग त्यांनी बाटली देऊन मला मागच्या मोरीत पाठवलं. त्या वेळी तपासणी सोपी असायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर बरं. हिरवं म्हणजे थोडी साखर. पिवळं, विटकरी होत गेलं तर वाईट. माझं उकळायच्या आतच विटकरी झालं.

"गोड फार खातेस का?"

"चहापुरतं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी नळी माझ्यासमोर धरली. मी त्या रंगाकडे बघत राहिले. भीती वाटायला हवी होती. पुस्तकांतल्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकते. माझ्या पायाखाली जमीन आहे की नाही हेच मला कळत नव्हतं, त्यामुळे सरकली असली तरी पत्ता लागला नसता.

बाहेर पडले आणि समोरच्या मिठाईवाल्याकडून शेवेची बर्फी घेतली. पुडी रस्त्यातच संपवली.

वॉर्ड

जखम चिघळली. सरकारी दवाखान्यात भरती झाले. सकाळी सुई, ड्रेसिंग, डॉक्टरांची फेरी, दुपारी डाळ-भात, संध्याकाळी भेटायला येणारे. सिस्टर काचेची सिरिंज पाण्यात उकळायच्या आणि टोचताना म्हणायच्या, "तिकडं बघ, खिडकीत मांजर आलंय." मांजर कधीच नसायचं. मी रोज बघायचे. त्या वॉर्डातली मला आवडलेली तेवढीच एक गोष्ट.

भेटायला येणाऱ्यांनी मला जवळजवळ मारलंच. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. वस्तीतलं प्रत्येक घर आलं आणि प्रत्येक घराने ग्लुकोजची बिस्किटं आणली. 'ग्लुकोज' म्हणजे ताकद, असं सगळ्यांना वाटायचं. पुडे उशाशी साठले. आई ते नर्सना वाटायला सांगायची. मी पांघरूण डोक्यावर घेऊन खायचे. शेजारच्या खाटेवर चिखलोलीच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "पोरी, तुझ्या गोधडीत उंदीर हाय काय? कुरकुर ऐकू येते."

मी हसले. त्याही हसल्या. मग मी पुढचा पुडा फोडला.

फेरीवर मोठे डॉक्टर आले. जखम पाहून म्हणाले, "साखर खाली आली नाही तर करंगळी काढावी लागेल. तरी आली नाही तर पाऊल."

"कुठली करंगळी?" मी विचारलं. छापखान्यात कागद कुठला लावायचा, असं विचारते तसं.

त्यांनी केसपेपर खाली ठेवला. "बाई, तुम्हाला मी काय सांगतोय ते कळतंय का?"

कळत होतं. पोचत नव्हतं.

प्रुफात सापडलेली ओळ

घरी सोडलं. सुई रोज, ड्रेसिंग एक दिवसाआड. मी ठरवलं, सोडायचं. तत्त्वाची माणसं ठरवतात तसं ठरवलं. कागदावर प्रतिज्ञा लिहून भिंतीला चिकटवली. साखर माणसाला गुलाम करते, गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या, वगैरे. चांगलं लिहिलं होतं. ते वाचत वाचत मी साखर खाल्ली.

त्याच आठवड्यात छापखान्यात एक हँडबिल आलं. पिवळा कागद, हाताएवढा. दारू सोडलेल्यांची बैठक, दर मंगळवारी संध्याकाळी, कॅम्पातल्या शाळेची मागची खोली. खाली एकच ओळ: 'सोडा, पण एकट्याने सोडू नका.'

मी 'सोडा'नंतरचा स्वल्पविराम तपासला. पुढे सरकता येईना. आयुष्यभर पत्रकं वाचली. सगळ्या पत्रकांनी मला उठायला सांगितलं होतं, जागं व्हायला सांगितलं होतं. एकट्याने करू नका, असं कुणी म्हटलं नव्हतं.

मंगळवारी गेले. दारात एक उंच, दाढी वाढलेला माणूस खुर्च्या लावत होता. त्याचं नाव शिंदे, हे नंतर कळलं.

"ताई, घरच्या बायका तिकडे व्हरांड्यात बसतात."

"मी कुणाची बायको म्हणून आले नाही."

"मग बहीण?"

"नाही. माझंच आहे."

त्याने खुर्ची खाली ठेवली. "तुम्ही पिता?"

"साखर खाते."

आत कुणीतरी फिसकन हसलं. शिंदेही हसला. "अहो, मग आमची पण रोज खाते की. तिला पण आणू काय नाव घालायला?"

कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "शिंदे, तू पहली बार आया तो मैं हँसा था क्या? तेरी तो पँट भी गीली थी. बैठ बेटी. खुर्ची दे तिला."

ते लछमनभाई. कॅम्पात त्यांचं कटपीसचं दुकान होतं. फाळणीत आलेल्या घरातले. दारू सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

माझी पाळी आली तेव्हा मी सगळं बोलले. डबा, पांघरूण, बर्फी, खिळा. आवाज सपाट होता. कुणी उपदेश केला नाही. कुणी हसलं नाही. मी बसल्यावर सगळे एकदम म्हणाले, "बरं झालं आलात." ती त्यांची रीत होती.

आणि मग त्यांची दुसरी रीत. दारू सुटलेल्याला तलफ येते तेव्हा गोड चघळलं की जरा निभतं. म्हणून बैठक संपताना नव्या माणसाला मूठभर लिमलेटच्या गोळ्या द्यायच्या. शिंदेने मोठ्या मनाने माझी ओंजळ भरली. "घ्या ताई. पहिल्या आठवड्यात लई लागतात."

खोलीत एकालाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. मलाही नाही. घरी पोचेपर्यंत एकही गोळी उरली नव्हती.

तेरा टाइम कौनसा

पुढच्या मंगळवारी मी ते सांगितलं. शिंदेने कपाळावर हात मारला. "आयला. मी ताईला क्वार्टर दिली की हो."

त्या दिवसापासून तो माझ्यापासून लांब बसू लागला. "माझ्या खिशात गोळ्या आहेत, जवळ येऊ नका," म्हणायचा. त्याच्या गोळ्या काढून घ्या, असं मी म्हणणार होते. तसं भाषणही मनात तयार होतं. पण त्याच्याकडे पाहिलं. तो त्या गोळ्यांवर उभा होता. त्या काढल्या तर तो सरळ गुत्त्यावर जाऊन पडला असता. माझं विष त्याचं औषध होतं. त्यावर पत्रक लिहिता येत नाही.

बैठकीत प्रत्येकाला एक जुना सोबती मिळायचा. मला लछमनभाई मिळाले. त्यांनी व्यसनाविषयी मला कधी काही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "तेरा टाइम कौनसा?"

"कसला टाइम?"

"मेरा था दुकान बंद करने का. शटरचा आवाज झाला की गला सुकायचा. दिवसभर मी साधू. तुझा?"

मी विचार केला. छापखाना सुटल्यावर. घरी पोचल्यापासून आई येईपर्यंत.

"तो उस टाइम घर मत जा."

"मग कुठे जाऊ?"

"दुकानावर ये. बस."

"बसून काय करू?"

"कुछ नहीं. कपडा मोज."

एवढंच. मी रोज छापखान्यातून त्यांच्या दुकानावर जायचे. गादीवर पाय पसरून बसायचे, कटपीसच्या घड्या घालायचे. सिंधी माणसाच्या दुकानात आलेल्याला पापड आणि पाणी मिळतं. शेगडीवर भाजलेला पापड, मिऱ्यांनी तिखट. मी तो खायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पाणी प्यायचे. बायका परकराच्या कापडावर घासाघीस करायच्या. लछमनभाई शपथा घ्यायचे, की या भावात मी स्वतः बुडालो. कधी शिंदे यायचा, दाराबाहेरच थांबायचा, "खिसा भरलेला आहे" म्हणून सांगायचा आणि जायचा. आईच्या यायच्या वेळेला मी उठायचे.

मला त्यात आनंद झाला असं नाही. फक्त ती वेळ निघून जायची. रोज निघून जायची.

आणि तरीही निळं औषध विटकरीच होत होतं. जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी करंगळी काढायची तारीख दिली.

चहा

लछमनभाईंनी विचारलं, "सवेरे चाय कौन बनाता है?"

"आई," मी म्हणाले. सकाळचा चहा तीच करायची. तो गोड असायचा. दुपारच्या डब्यात शिरा असायचा. रात्री दुधात साखर. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मी बोलत नव्हते, तीही बोलत नव्हती. भिंतीवरची प्रतिज्ञा आमच्या दोघींच्या मध्ये लटकत होती.

"तिला घेऊन ये," ते म्हणाले.

"दारुड्यांच्यात मी कशाला?" आई म्हणाली.

"माझ्यासाठी."

आली. नवी साडी नेसून आली, जणू लग्नाला. व्हरांड्यातल्या बायकांनी तिला जागा करून दिली. आत सगळ्यांचं बोलून झाल्यावर लछमनभाईंनी दारातून विचारलं, "बेटी की माँ, आप कुछ बोलेंगी?"

मला वाटलं, ती मान हलवेल. ती उठली.

"मी लहान असताना," ती म्हणाली, "आमच्या गावात आई दुसऱ्यांच्या अंगणात काम करायची. आम्हाला चहा मिळायचा. कपबशी वेगळी, गोठ्याच्या वळचणीला खोचलेली. वरून ओतायचे. त्यात साखर नसायची. तुम्हाला कशाला साखर, म्हणायचे. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात चहा होईल तर गोडच होईल. यांचे कारखान्यातले साहेब पहिल्यांदा आमच्याकडे चहा प्यायले ना, तेव्हा मी तीन तीन चमचे घातले. पोरीला तर मी लहानपणापासून घालते. आता डॉक्टर म्हणतो, देऊ नको. माझा हातच थांबत नाही. बिनसाखरेचा कप तिच्यापुढे ठेवायचा म्हणजे..."

ती रडली नाही. उभी राहिली.

मी वडिलांची सगळी पत्रकं पाठ केली होती. वेगळ्या कपबशीवर मी स्वतः दोन लिहिली होती. त्या कपात साखर नव्हती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

व्हरांड्यातून शिंदेची बायको म्हणाली, "आई, मी पण यांना घरी आणून पाजायची. गटारात पडण्यापेक्षा समोर पडलेले बरे, म्हणून. आपल्या हातानं ओतायची. तुम्ही खाली बसा."

सगळे म्हणाले, "बरं झालं आलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा केला. दोन कप. मी माझ्या कपातला घोट घेतला, नुसता कडू लागला. मी तिच्याकडे पाहिलं. तीही तोच पीत होती.

"तू का गं?"

"मग काय वेगळा कप करू तुझा?" ती म्हणाली.

नंतर

करंगळी गेली. उशीर झाला होता. आई खाटेशी बसली होती, लछमनभाई बाहेर बाकावर. शिंदेने खिसे रिकामे करून दारावरच्या शिपायाला गोळ्या दिल्या आणि मगच आत आला. "आज क्लीन आहे," म्हणाला. मला शुद्ध आली तेव्हा पट्टीकडे पाहून काही वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही. लोक विचारतात, धक्का बसला असेल ना. नाही बसला. पाऊल राहिलं. काही आठवड्यांनी घरीच तपासताना निळं औषध हिरव्यावर थांबलं, तेव्हा आईने नळी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली, आणि शेजारणीला बोलावून दाखवली. शेजारीण बिचारी काय बोलणार? "छान रंग आलाय," म्हणाली.

शिंदेला दारू सोडून वर्ष झालं तेव्हा त्याने रीतीप्रमाणे पेढे आणले नाहीत. पापडांची चळत आणली. एक जुना सभासद वैतागला. "वर्षाचा वाढदिवस आणि पापड? उपासाला बोलावलंय का आम्हाला?" शिंदे म्हणाला, "खा गप. तिखट आहेत." पेढे पुढच्या वेळी परत आले. मी त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बसते. चालतं. ती त्यांची बैठक आहे, आणि माझीही.

साखर माझ्याकडून अजून कधी कधी खाल्ली जाते. मंगळवारी ते सांगते. डबा आता शेजारणीकडे असतो. पाहुणा आला तर आई तिकडून वाटी मागून आणते. लछमनभाईंच्या दुकानात आता आणखी एक बाई येऊन बसते, शिरगावची. तिचं बिस्किटांचं आहे. तिचा टाइम दुपारचा. तेव्हा मी कामावर असते, म्हणून तिच्याबरोबर आई बसते, कारखान्यातली पाळी हल्ली सकाळची असते. दोघी मिळून गिऱ्हाइकांशी भांडतात.

तुमच्याकडून मला एक काम हवं आहे. मधुमेहावर भाषण नको, सहानुभूती नको. तुमच्या घरात, चाळीत, खात्यात एखादं माणूस असेल, ज्याचा हात थांबत नाही. साखर असो, दुसरं काही असो. त्याला पत्रक देऊ नका. माझं हेही देऊ नका. त्याला बाजूला घेऊन विचारा, तुझी वेळ कुठली. तो आधी उडवून लावेल. पुन्हा विचारा. मग उद्या, त्याने सांगितलेल्या वेळेला, त्याच्याकडे जा आणि ती वेळ निघून जाईपर्यंत त्याच्या शेजारी बसा. बोलायला काही सुचलं नाही तर बोलू नका. बसा.